घराला कळतं

१

माझं वजन ब्याण्णव किलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणाशी त्याचा संबंध आहे. शिवाय मालिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, लग्न झाल्यापासून त्यावरून माझी मनसोक्त चेष्टा केलेली आहे.

भाड्याने घेतलेली कॅरव्हॅन दापोलीत आमच्या दारात येऊन उभी राहिली, त्या सकाळी मी तिच्या पायरीवर पाय ठेवला आणि अख्खी गाडी माझ्या बाजूला कलली. आतल्या ओट्यावरचा चमचा घरंगळत गेला. मालिनी आत जाऊन बसली होती. ती म्हणाली, "तुम्ही चढलात की घराला कळतं हो."

दीड वर्षात ती स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मी तिथेच पायरीवर थांबलो. डोळ्यांत कचरा गेला असं म्हणणार होतो, पण कशाला खोटं बोला, रडू आलं.

अपूर्वा आमची एकुलती एक. पुण्याला नोकरी करायची. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेली. सव्वीस वर्षांची होती. कॅरव्हॅनचं वेड तिचं. फोनवर सतत तसले व्हिडिओ बघायची आणि मला म्हणायची, "बाबा, तुम्ही रिटायर झालात की आपण तिघं घर घेऊन समुद्रावर जाऊ. तुम्ही मागे मस्त घोरत पडा, गाडी मी चालवीन." मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालो तेव्हा गाडी चालवणारी राहिली नव्हती.

मालिनीने जेवण सोडलं होतं म्हणा ना. दोन घास भात, तोही मी समोर बसलो तर. दिवसभर खुर्चीत बसून राहायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी मीच उठून ही गाडी आणली. मला फार काही नको होतं. मालिनी परत माणसात यावी, तिने एकदा पोटभर जेवावं आणि पूर्वीसारखं माझ्यावर ओरडावं, एवढंच हवं होतं. त्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवली. तिकीटवाल्याने खिडकीतून डोकावून विचारलं, "माणसं किती?"

"दोन," मी म्हणालो. मालिनी खाडीच्या पाण्याकडे बघत होती.

२

गुहागरला जानेवारीत यावं. नाताळची गर्दी ओसरलेली असते, भेळेच्या गाड्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या असतात आणि उंटवाला गिऱ्हाईक नाही म्हणून उंटाशीच बोलत बसलेला असतो. सकाळी चक्क स्वेटर घालावा लागतो. समुद्राच्या कडेने सुरूचं बन लांबवर गेलेलं आहे. त्या बनाला लागून मथुराबाईंची खाणावळ आणि मोकळी जागा. तिथे गाडी उभी करायची, पाणी आणि लाइट त्या देतात.

असली गाडी सपाट उभी करावी लागते. नाहीतर रात्रभर पाय वर आणि डोकं खाली. त्यासाठी चाकांखाली सरकवायला लाकडी ठोकळे दिलेले होते आणि ओट्यावर काचेची एक बारीक नळी बसवलेली होती, गवंड्याकडे असते तशी, आत पाणी आणि बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की गाडी सपाट. मला असल्या गोष्टी मनापासून आवडतात. अर्धा तास खपून मी तो बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये आणला आणि मालिनीला बोलावून दाखवला. तिने मान हलवली.

मथुराबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "जागेवाल्याला नारळ ठेवलाव काय ओ भाऊ?"

"दोन-चार दिवसांचा मुक्काम, त्याला कसला नारळ?"

"घर घेऊन आलाव नव्हं? चूल हाय, हातरूण हाय. मंग घरच ना ता."

आता, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण नारळ ठेवतो. आमच्याकडचे सगळेच तसे. माझे वडील दरवर्षी आंबे उतरवण्याआधी बागेतल्या जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदाराला, नारळ द्यायचे आणि मोठ्याने सांगायचे, आम्ही इतकी माणसं आहोत, इतक्यांना सांभाळ. घरात पोर जन्मलं की आकडा वाढायचा, कोणी गेलं की कमी व्हायचा. आकडा सांगताना वडील कधी घाई करत नसत. त्यांच्यामागे मी हे दापोलीच्या अंगणात चालू ठेवलं. अपूर्वा गेल्यापासून मात्र ठेवला नव्हता.

दिवेलागणीला मथुराबाईंकडून नारळ घेतला. बनाच्या कडेला जांभ्याचा एक जुना चिरा अर्धा वाळूत गेलेला होता, त्यांनी बोट दाखवलं तो. मालिनी शाल घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी हात जोडले आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "आम्ही तिघं आलो आहोत. तिघांना सांभाळ."

बोललो आणि अंगाला काटा आला. मागे मालिनीचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. तिथल्या तिथे सुधारायला हवं होतं. पण चुकलं, दोघं, असं तिच्यादेखत मोठ्याने म्हणायला जीभ वळेना. दोघं. एवढा एक शब्द. म्हटलं, दगड तर आहे, त्याला काय कळतंय. नारळ फोडला, एक भकल चिऱ्यावर ठेवलं, दुसरं हातात घेतलं.

परतताना मालिनीने माझा दंड धरला. "बरं केलंत," ती हळूच म्हणाली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याला टेकून चहा पीत होतो. मालिनी बाहेर नळावर भांडी घासत होती, खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती. गाडीत मी एकटा होतो.

गाडी मागच्या बाजूला किंचित खाली गेली.

कोणी पलंगावर सावकाश टेकलं की होतं, तसं. धक्का नाही, आवाज नाही. बुडबुडा पुढे सरकला आणि तिथेच राहिला. मी मागे पाहिलं. पलंगावर सोलापुरी चादर घडी करून ठेवलेली होती, उशा होत्या, दुसरं काही नव्हतं. खिडकीतून पाहिलं. मालिनी अजून नळावरच होती.

वाळू, मी स्वतःला म्हणालो. मागचं चाक वाळूत रुतत असणार. तीस वर्षं मातीत घालवलेला माणूस, वाळू कशी दबते हे मला कोणी शिकवायला नको. खाली उतरलो, ठोकळे तपासले. घट्ट होते. परत चढलो तेव्हा बुडबुडा मधोमध होता. मग माझ्या डोळ्यांदेखत तो पुन्हा पुढे सरकला.

वाळू दबली तर दबलेली राहते. उठून बसत नाही.

मला स्वस्थ बसवेना. मालिनी समुद्राकडे गेली असताना, बुडबुडा जागेवर आहे असं बघून, मी पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन उचलून पलंगावर ठेवला. बुडबुडा हलला, पण थोडाच. दुसरा कॅन आणून ठेवला. आता तो बरोबर सकाळच्या जागी गेला. पाण्याचे दोन कॅन. म्हणजे एखाद्या किडकिडीत मुलीइतकं.

मी दोन्ही कॅन खाली आपटले आणि स्वतःलाच एक शिवी हासडली.

४

दुपारी मथुराबाई जेवण घेऊन आल्या. गाडीबाहेरच्या टेबलावर त्यांनी ताटं मांडली. कुळथाचं पिठलं, भात, तांदळाची भाकरी, सोलकढी. ताटं तीन होती.

"तीन कशाला आणलीत?"

"तिघा हाव नव्हं?" त्या म्हणाल्या. "पोरगी मागं बसलीय ना खिडकीशी. पाटमोरी. मी दोन हाका मारल्या, पन तिनं काय बघलान नाय."

तोच आतून मालिनी बाहेर आली. "लाजते हो ती," ती म्हणाली आणि एक ताट उचलून आत घेऊन गेली. मग येऊन माझ्यासमोर बसली आणि जेवायला लागली.

जेवली म्हणजे खरंच जेवली. पिठल्यात भाकरी बुडवून खाल्ली. भात संपल्यावर मथुराबाईंना हाक मारून अजून मागून घेतला. सोलकढी पिऊन झाल्यावर वाटी चाटली. मला म्हणाली, "तुम्ही असे काय बघताय? गार होतंय सगळं. आणि जरा बेतानं हं, संध्याकाळी पायरी मोडाल."

मथुराबाईंना मी काहीच सांगितलं नाही. पोरगी नाही, ती गेली, हे सांगणं अगदी सोपं होतं. पण माझी बायको जेवत होती. ती मला टोचून बोलत होती. याच्यापेक्षा मला जगात काही नको होतं आणि ते कशाने झालं याची चौकशी करायची माझी तयारी नव्हती.

तिसरं ताट नंतर मालिनीने नळावर धुतलं. ते रिकामं होतं. कोणी रिकामं केलं ते मी पाहिलं नाही, कारण मी मुद्दाम समुद्राकडे तोंड करून बसलो होतो.

५

चार दिवस चांगले गेले. हो, चांगलेच म्हणतो. मालिनी वेणी घालायला लागली, काहीतरी गुणगुणायला लागली. गाडीच्या मागच्या बाजूने तिचं दबक्या आवाजातलं बोलणं यायचं, मध्ये मध्ये थांबत, जसं आपण फोनवर समोरच्याचं ऐकून घेतो. मी बाहेर खुर्ची टाकून बसायचो. अगदीच असह्य झालं की उंटवाल्याकडे जाऊन उंटाची विचारपूस करायचो.

मग मालिनी म्हणाली, हेदवीला जाऊ, दशभुज गणपतीला. मी ठोकळे काढले, गाडी सुरू केली. पुढे माझ्या शेजारची सीट मोकळी होती, पण ती मागे टेबलापाशी बसली.

हेदवीचा रस्ता वळणावळणाचा. काजूच्या बागा, मध्येच उजाड कातळाचा सडा, मग एकदम उतार. अशा गाडीत आतल्या आरशात अख्खं घर दिसतं. पहिल्या मोठ्या वळणावर मी सवयीने आरशात पाहिलं.

मालिनी माझ्याकडे तोंड करून बसली होती, हसत होती. तिच्यासमोर, माझ्याकडे पाठ करून, कोणीतरी बसलेलं होतं. केस वर गुंडाळून त्यात पेन्सिल खोचलेली. अंगात पिवळा कुर्ता. तो कुर्ता मी ओळखला. तो तिच्या अंगावर घालूनच आम्ही अपूर्वाला घरातून शेवटचं नेलं होतं.

मी मान वळवून मागे पाहिलं. मालिनी एकटीच होती. तिचा हात टेबलावर उताणा पडलेला, बोटं अर्धी मिटलेली, कोणाचा हात हातात घेतल्यासारखी. पुन्हा आरशात पाहिलं. पाठ होती.

रस्ता सोडून चालत नव्हतं, म्हणून मी गाडी चालवत राहिलो. डावं वळण आलं, उजवं आलं. प्रत्येक वळणावर घर कलायचं, पडदे एका बाजूला झुकायचे, मालिनी टेबलाची कड धरून तोल सावरायची. ती पाठ हलत नव्हती. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. जमिनीत पुरलेल्या खांबासारखी ती सरळ होती.

अपूर्वाला वळणं लागायची. लहानपणापासून. दापोलीचा घाट चढायचा म्हटलं की पोरगी लिंबू हुंगत माझ्या मांडीवर आडवी व्हायची आणि तरीही दोनदा गाडी थांबवावी लागायची. माझी मुलगी त्या रस्त्यावर अशी ताठ बसूच शकली नसती. मला तिथे, चालत्या गाडीत, पुरतं कळलं. हे जे बसलं होतं त्याने माझ्या मुलीचे कपडे घातले होते, पण तिचं पोट त्याला माहीत नव्हतं.

देवळापाशी मालिनी उतरली नाही. "तुम्ही जाऊन या. आम्ही बसतो इथेच," ती म्हणाली. मी देवासमोर उभा राहिलो आणि मला काहीच मागता येईना. मुलगी परत दे असं मी दीड वर्ष रोज मागत होतो. आता ते म्हणायची भीती वाटली.

६

त्यानंतर मालिनी गाडीतून खाली उतरलीच नाही. जेवण आत घ्यायची. सुरुवातीला मला वाटलं ती जेवतेय. मग एकदा मांडणीवर भांडं ठेवायला तिने हात वर केला आणि तिच्या बांगड्या मनगटावरून घसरत कोपरापर्यंत गेल्या.

"मालिनी, तू जेवत नाहीस?"

"तिला भूक फार लागते हो," ती म्हणाली. आई लेकराचं कौतुकाने गाऱ्हाणं सांगते, तशी.

बुडबुडा आता मधोमध येतच नव्हता. मी पुन्हा कॅन ठेवून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. मी चढलो की गाडी कलायची, पण पूर्वीइतकी नाही. मागच्या बाजूला वजन वाढत चाललं होतं.

आणि माझ्याशी मालिनी फार नीट वागायला लागली. बसा, चहा घेणार का, ऊन फार आहे नाही. मला ते टोमणे हवे होते. मी मुद्दाम पायरीवर धपकन पाय आपटून चढलो, चमचा घरंगळला, तिने तो उचलून जागेवर ठेवला आणि काही बोलली नाही.

एका दुपारी तिने मांडणीवरून दोन ताटं काढली. एक स्वतःसमोर ठेवलं, एक समोरच्या रिकाम्या बाकासमोर. मी दारात उभा होतो.

"माझं ताट?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओळखीचा चेहरा दिसावा पण कुठे भेटलो ते आठवू नये, तसं तिचं झालं. मग संकोचून म्हणाली, "तुम्ही जेवून नाही आलात?"

मी खाली उतरलो आणि पहिल्यांदा वेड्यासारखा धावलो. चाकांखालचे ठोकळे लाथेने उडवले, वायर उपटली, पुढे चढून गाडी सुरू केली. आता घरी. दापोली येईपर्यंत थांबायचं नाही. जरा पुढे गेलो असेन, तोच मागचं दार उघडल्याचा आवाज आला. आरशात पाहिलं तर मालिनी चालत्या गाडीच्या पायरीवर उभी होती, एका हाताने दार धरून. "आम्ही उतरतो," ती शांतपणे म्हणाली.

मी ब्रेक मारला. मागे धावत जाऊन तिचा हात धरला. हातात हाडंच होती. "मालिनी," मी म्हणालो, "ऐक माझं. ती आपली अपू नाही."

"मला माहीत आहे," मालिनी म्हणाली.

"मग?"

"ती मला आई म्हणते."

तेवढ्यात तिच्या मागच्या पडद्याआड गाडी थोडी कुरकुरली, कोणी पाय बदलल्यासारखी. मालिनीने हात सोडवून घेतला आणि आत गेली. मी गाडी मागे घेऊन होती तिथे लावली, ठोकळे परत सरकवले. रडत होतो आणि ठोकळे सरकवत होतो.

७

मथुराबाईंकडे जाऊन नारळ मागितला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काय झाला भाऊ?"

"आकडा चुकला होता माझा. पहिल्या दिवशी."

"मंग नीट सांगा जावा," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

दिवेलागण झाली होती. समुद्र तांबूस होता, बनात काळोख भरत होता. चिऱ्यावर ठेवलेलं भकल तसंच होतं, मुंगीसुद्धा लागलेली नव्हती. मी हात जोडले. वडिलांसारखा, सावकाश, एकेक शब्द उच्चारला. "माझं चुकलं. आम्ही तिघं नाही. आमची अपूर्वा गेली. आम्ही दोघं आहोत. दोघांना सांभाळ."

ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि काय सांगू, दीड वर्षात पहिल्यांदा मला वाटलं की अपूर्वा खरंच गेली. छातीवरचं ओझं उतरलं. नारळ पहिल्याच फटक्याला मधोमध दुभंगला. सुरूंची सळसळ थांबली.

मागे वळलो. गाडीत दिवा लागलेला होता. मी चालत निघालो, मग भरभर चालायला लागलो. दार बंद होतं. ते आम्ही झोपेपर्यंत कधी लावत नसू. खिडकीशी जाऊन टाचा उंचावल्या.

मालिनी टेबलापाशी बसलेली होती. तिच्यासमोर ताट होतं, वाफाळता भात होता, ती जेवत होती. गाल लाल झाले होते. ती हसत होती, घास हातात धरून, मान मागे टाकून. समोर दुसरं ताट वाढलेलं होतं. दोनच ताटं. झालं, मी मनात म्हणालो, सुटलो. ते ताट माझं.

मग बाकाच्या बाजूने दोन हात पुढे आले आणि त्या ताटातला भात कालवायला लागले. हातच दिसले मला, बाकीचं पडद्याआड होतं. ते व्यवस्थित भात कालवत होते. वरण घालून, लिंबू पिळून, चिमूटभर मीठ. अगदी मन लावून, नवीनच शिकलेलं काम करावं तसे.

मी दारावर थाप मारली.

"कोण?" आतून मालिनीने विचारलं.

"मी."

"मी म्हणजे कोण?" दारावर कोणी काही विकायला आलं की तिचा असा आवाज लागतो.

"अगं मी. हे." तिने कधी मला नावाने हाक मारली नाही, मीही कधी तिच्यासमोर माझं नाव घेतलं नाही. त्या संध्याकाळी बंद दाराबाहेर उभं राहून मला माझ्या बायकोला माझं नाव सांगावं लागलं. "परशुराम," मी म्हणालो. "मालिनी, मी परशुराम. दार उघड."

मग दुसरा आवाज आला. शेवटाला जरासा बसणारा, पुण्याहून रोज रात्री फोनवर यायचा, तोच.

"कोणी नाही गं आई. वारा आहे. जेव तू."

८

मी चिऱ्याकडे धावलो. वाळूत दोनदा पडलो. मला आता कळलं होतं. मी आकडा सांगितला होता, माणसं सांगितली नव्हती. दोघं म्हणालो आणि दोघांचं घर मला दिसलं होतं, भरलेलं, जेवणारं, हसणारं. त्यात माझी जागा नव्हती.

"तिघं," मी म्हणालो. "तिघांना सांभाळ. मी परत सांगतो, तिघं." द्यायला नारळ नव्हता. खिसे चाचपले, गाडीची किल्ली होती ती ठेवली. चष्मा काढून ठेवला. बन गप्प होतं. मग मी वाळूत बसलो, चिऱ्यावर डोकं टेकलं आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटलो. राहू दे तिला. जी कोण असेल ती राहू दे. मालिनी जेवतेय ना, जेवू दे. फक्त मला आत घे. मी कसाही चालेन. मला बोलता नाही आलं तरी चालेल, कोणी माझ्याकडे बघितलं नाही तरी चालेल, मी कोपऱ्यात बसेन. मला तिघांत धर.

सुरूंची सळसळ पुन्हा सुरू झाली.

मान वर केली. चष्म्याशिवाय खिडकी म्हणजे एक पिवळा चौकोन होता. त्यात मालिनीची आकृती उठली, मांडणीकडे गेली. तिने काहीतरी काढलं, पदराने पुसलं, टेबलावर ठेवलं. ताट. तिसरं ताट. आणि मग तिचा आवाज आला, घरी दापोलीला यायचा तसा, वैतागलेला, माझा. "अहो, वाढलंय!"

एवढा आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नसेल. मी धावलो. दार किलकिलं होतं. आतून भाताचा वास येत होता आणि दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. त्यातली एक पाठमोरी होती. असू दे, मी म्हणालो. ओट्यावर चमचा होता, त्याच्या शेजारी काचेच्या नळीत बुडबुडा.

मी पायरीवर एक पाय ठेवला, मग दुसरा. मग आत गेलो, धपकन, मुद्दाम, नेहमीसारखा.

चमचा जागचा हलला नाही. बुडबुडा होता तिथेच राहिला. मालिनीने वर पाहिलं नाही.

घराला कळलं नाही.